वाचून मग एंटर

ओळ लिहून झाली की माझी शेजारीण दोन्ही हात कीबोर्डवरून उचलायची आणि मांडीवर ठेवायची. एक बोट जरी एंटरच्या बटणाजवळ राहिलं तरी तिला चालायचं नाही. हात खाली गेले की मान माझ्याकडे वळवायची आणि बोलायची, "काका, ऐका."

मग ती ओळ मराठीत वाचून दाखवायची. समोर सगळं इंग्रजी असायचं, काळ्या पाटीवर खडूनं लिहिल्यासारखी बारीक पांढरी अक्षरं. ती वाचायची ते असं: "बाहेरून येणारा कोणीही, कुठल्याही दारानं, नाही. हा नियम सगळ्यात शेवटी. त्याच्या आधी, ठाण्याच्या लॅबच्या पत्त्यावरून येणारा, चारशे त्रेचाळीस नंबरच्या दारानं, हो. कळलं का?"

कळलं असेल तर मी "हो" बोलायचं. नसेल तर "नाही कळलं" बोलायचं. नुसती मान हलवलेली चालायची नाही. मध्येच माझा डोळा लागला तर ती परत पहिल्यापासून वाचायची. मी तोंडानं "हो" बोललो की मगच हात वर यायचे आणि एंटर दाबलं जायचं.

आता तुम्ही विचाराल, ह्या म्हाताऱ्याला काय कळतं त्यातलं. काही कळत नाही. चौथी शिकलोय. कोकणातून आलो तो डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत लागलो आणि ड्रम ढकलता ढकलता रिटायर झालो. इंग्रजीत मला सहीसुद्धा येत नाही. तरी ती मलाच वाचून दाखवायची. का, ते सांगतो.

आमची बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर दोनच फ्लॅट, समोरासमोर. माझी बायको गेली आणि काही महिन्यांनी समोर ही आणि हिची आई राहायला आल्या. मी तेव्हा कोणाशी बोलत नव्हतो. एकुलता मुलगा पुण्याला, तो फोन करायचा त्यालाही हो-नाही एवढंच. दोघी पेढे घेऊन दारात आलेल्या. मी पेढे घेतले आणि दार लावलं. नाव विचारलं नाही, बसा बोललो नाही. पेढे तसेच राहिले, मुंग्या लागल्या, टाकून दिले.

ती पन्नाशीची असेल. बारीक, चष्मा गळ्यात दोरीनं लटकवलेला, केस मागे क्लचरमध्ये कसेतरी कोंबलेले. लग्न केलं नव्हतं. का नाही ते मी कधी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. कंपनी ठाण्याची, पण काम घरूनच करायची. सकाळी आंघोळ करून, टिकली लावून, ऑफिसला निघाल्यासारखी तयार व्हायची आणि बेडरूममधून हॉलमधल्या टेबलाशी जायची.

आई ठार बहिरी. त्यामुळे हिचा आवाज जिन्यापर्यंत यायचा. "बाहेरून कोणीही नाही! बावीस नंबर फक्त मला!" असं दिवसभर. म्हातारीचा आवाज खोल, विहिरीतून आल्यासारखा. "नाही गं कळलं." मग हिचं परत, "बाहेरून कोणीही नाही!"

बिल्डिंगमध्ये वेगळंच पसरलं. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी मला जिन्यात थांबवून बोलल्या, "म्हातारीला नातेवाइकांना भेटायचं असणार हो, आणि ही येऊ देत नाही कोणाला." शेवटी सेक्रेटरी समजवायला वर गेला. हिनं त्याला खुर्चीत बसवलं, चहा दिला आणि दोन नियम वाचून दाखवले. तो घाम पुसत खाली आला आणि बोलला, "काही नाही, सरकारी काम आहे वाटतं." सरकारी वगैरे काही नव्हतं. पण त्याला कळलं नाही हे त्यानं सांगितलं नाही, आणि तिथंच तो त्या खुर्चीतून नापास झाला.

वर्षभरात म्हातारी गेली. समोरचा आवाज बंद झाला. माझ्या घरात तर आधीपासूनच काही आवाज नव्हता. तेरावं झालं आणि एका सकाळी ही माझ्या दारात.

"काका, दहा मिनिटं आहेत का? नुसतं बसायचंय. मी वाचते, तुम्ही ऐका."

"मला काय कळणार त्यातलं?"

"कळायला नकोच. आईला कुठे कळत होतं? पण 'नाही कळलं' असं तोंडावर बोलणारं माणूस पाहिजे. ऑफिसातल्यांना विचारलं की ते न ऐकताच हो बोलतात."

मी बोललो, "माझ्याकडे वेळ सोडून दुसरं काही नाही." आणि चप्पल न घालता तसाच समोर गेलो.

मी तिथे असेपर्यंत ती बाहेरचं दार सताड उघडं ठेवायची. दाराला चपलांचा स्टँड लावायची, वाऱ्यानंसुद्धा बंद होऊ नये म्हणून. "लोकांना बघायचंय ना, मग नीट बघू दे," बोलायची. लोक बघायचेच. तिसऱ्या मजल्यावरचा एकजण, भाजीची पिशवी घेऊन वर जाताना थांबायचा. "काय काका, कॉम्प्युटरचा क्लास लावला का?" मी बोललो, "लावला. तुझ्यासारखे मध्ये बोलतात म्हणून अजून पहिल्याच धड्यावर आहे." त्यानंतर तो नुसता खाकरून जायचा.

सुरुवातीला मी तिला अहो-जाहो करायचो. ती बोलली, "मला तू म्हणा. तुम्ही म्हटलं की वाटतं कोणीतरी मीटिंग लावली."

काम काय होतं ते मला जेवढं समजलं तेवढं सांगतो. दवाखाने, लॅब, तपासणी करणारे, ह्यांची सगळी माहिती पूर्वी त्यांच्याच कपाटातल्या कॉम्प्युटरवर असायची. आता ती भाड्याच्या मशीनवर असते. मशीन कुठे आहे ते तिलाही नेमकं माहीत नसायचं. त्याला क्लाउड बोलतात. त्या मशीनकडे जगातून कोणीही येऊ शकतो, चोर पण. म्हणून भोवती एक भिंत घालायची, तिला फायरवॉल बोलतात. ती विटांची नसते, नियमांची असते. कोण यायचं, कुठून यायचं, कितव्या दारानं यायचं, एवढंच. दारांना नंबर असतात. चारशे त्रेचाळीस नंबरनं पेशंटचे रिपोर्ट जातात-येतात. बावीस नंबरचं दार तिचं स्वतःचं, आत जाऊन दुरुस्ती करायचं. ते फक्त तिच्या घरच्या पत्त्याला उघडं. पत्ता म्हणजे पोस्टाचा नव्हे, इंटरनेटनं दिलेला आकडा.

तिचं एकच म्हणणं. "आधी सगळं बंद. मग ज्याला यायचंय त्याचं नाव घेऊन उघडायचं."

मी एकदा विचारलं, तुझ्या ऑफिसातले माऊसनं टकाटक दाबतात बोललीस, मग तू लिहीत का बसतेस. तर बोलली, "माऊसनं चूक केली की नंतर सापडत नाही, काका. कुठे दाबलं कोणाला आठवतंय? लिहून केली की चूक वाचता येते."

वाचता येते, पण वाचली तर. इथे राहायला यायच्या आधी एकदा तिनं वाचली नव्हती. तेही तिनं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, आपण होऊन.

नियमांना क्रम असतो. ज्याचा आकडा लहान तो आधी बघितला जातो. "कोणालाही नाही" हा नियम मोठा आकडा देऊन शेवटी ठेवायचा, आणि "ह्यांना हो" हे नियम लहान आकड्याचे, त्याच्या आधी. त्या दिवशी आईला डॉक्टरकडे न्यायचं होतं. खाली रिक्षा उभी, आई चप्पल घालून दारात. हिनं घाईत आकड्यांची अदलाबदल केली. "कोणालाही नाही" पहिला झाला. एंटर दाबलं आणि निघाली. मशीननं पहिला नियम वाचला आणि सगळ्यांना बाहेर ठेवलं. फोन पर्समध्ये, आवाज बंद केलेला. एका दवाखान्यात माणसं बसून राहिली. कोणाचीच फाईल उघडत नव्हती.

"मशीन चुकलं नाही," ती बोलली. "मी लिहिलं तसंच वागलं."

तेव्हापासून हात मांडीवर, आणि कोणीतरी ऐकणारं समोर.

मला ते पटलं. आमच्या कंपनीत चूक झाली की करणाऱ्याचाच हात भाजायचा. लगेच कळायचं. हिच्या कामात चूक इथं पंख्याखाली खुर्चीत व्हायची आणि भोगणारा कुठे भलतीकडे बसलेला, त्याला हिचं नाव पण माहीत नाही. हिला त्याचं तोंड पण माहीत नाही. अशा कामात माणूस बेफिकीर व्हायला वेळ लागत नाही. ती झाली नव्हती, उलट थोडी जास्तच घाबरलेली असायची. कधी कधी मी हो बोललो तरी हात मांडीवरच राहायचे. मग मी बोलायचो, "अगं दाब आता, चहा थंड झाला."

शुक्रवारी आमच्याकडे लाईट जाते, दुरुस्तीसाठी. परत आली की तिचा इंटरनेटचा डबा नवा पत्ता घेऊन उठायचा. आणि बावीस नंबरचं दार तर जुन्या पत्त्याला उघडं. मग ही स्वतःच बाहेर. पहिल्यांदा झालं तेव्हा ती हसली, तेवढी हसताना मी तिला बघितली नव्हती. "काका, मला आत घेत नाहीत. मीच लिहिलंय, ओळखीच्यांशिवाय कोणाला घ्यायचं नाही म्हणून." मग मशीन भाड्यानं देणाऱ्यांच्या बाजूनं एक ओळ लिहून नवा पत्ता घालायची. पण आधी वाचायची. दर शुक्रवारी तीच ओळ, तोच नियम. मला पाठ झाला. तरी वाचायचीच. मी बोललो, "हे तर मी झोपेत सांगीन." ती बोलली, "म्हणूनच वाचायचं."

असं दीडेक वर्ष चाललं. मला सकाळी उठायला एक कारण मिळालं, एवढंच मी बोलेन. जास्त गोड करून सांगायची मला सवय नाही.

एका दुपारी तिनं पाणी दिलं. मी अर्धा ग्लास प्यायलो आणि खाली ठेवला.

"काका, तुम्ही नेहमी अर्धाच का पिता?"

"सवय. बायकोला दिवसाला अर्धा लिटर सांगितलेलं, चहा-आमटी धरून. ती ओठ ओले करून बसायची, तिच्यासमोर मी काय घटाघटा पिणार?"

"म्हणजे डायलिसिस?"

"आठवड्यातून तीनदा. कल्याणला."

"कल्याणला कुठे?"

मी सांगितलं. खाली मेडिकलचं दुकान, वर सेंटर, जिना असा अरुंद की खुर्चीतून न्यायचं तर दोघं आडवे व्हायचे. ती ऐकत होती. स्क्रीनवर काही लिहिलेलं नव्हतं, तरी तिचे हात मांडीवर गेलेले.

"शनिवारी जायच्या का त्या?"

"मंगळ, गुरू, शनि."

"एका शनिवारी बसवून ठेवलेलं का? सिस्टीम बंद आहे म्हणून?"

"ठेवलेलं. दोनेक तास. पाय सुजलेले, धाप लागलेली, बाकावर बसून होती. तुला काय माहीत?"

ती बोलली, "तो दवाखाना तोच. मी बंद केलेला."

मी उठलो आणि घरी आलो. दार लावलं. तोंड उघडलं असतं तर शिवीच आली असती.

एक गोष्ट स्वच्छ सांगतो, नाहीतर तुम्ही भलतं धरून बसाल. त्या शनिवारनंतर माझी बायको बरेच महिने जगली. ती गेली ती तिच्या आजारानं गेली. त्या दोन तासांनी तिला मारलं नाही. पण तिच्याकडे तास थोडे होते आणि त्यातले दोन त्या बाकावर गेले. घरी असती तर खिडकीत बसून खालच्या भाजीवाल्याशी भांडली असती. तिला ते फार आवडायचं.

दोन दिवस मी गेलो नाही. समोरचं दार तिनं रोजच्या वेळेला उघडलं, चपलांचा स्टँड लावल्याचा आवाज मला यायचा. मग तिचं वाचणं यायचं, हळू. वाचून झालं की शांतता. परत तेच वाचायची. मी आत खाटेवर पडून ऐकायचो. माझ्या तोंडात "हो" यायचं आणि मी ते गिळायचो.

तिसऱ्या दिवशी कचरा टाकायला गेलो तर ती जिन्यात भेटली. ती पण कचऱ्याची पिशवी घेऊन. दोघं पिशव्या धरून उभे.

"रविवारी त्याच सेंटरचं काम आहे," ती बोलली. "त्यांची इंटरनेटची लाईन बदलली. जुने सगळे नियम काढायचे, नवे घालायचे. सोमवारी सकाळी उघडलं पाहिजे. मी ऑफिसला नाही म्हणून कळवते. दुसऱ्या कोणालातरी देतील."

"दुसरा कोण?"

"आहे एकजण. हुशार आहे. माझ्यापेक्षा फास्ट."

"तो वाचतो का? एंटरच्या आधी?"

तिनं हातातल्या पिशवीची गाठ परत बांधली.

"वाचतो का ते सांग."

"नाही."

"मग तू कर."

"काका, तुमच्या बायकोला बसवून ठेवणारी मीच आहे."

"माहीत आहे मला. परत परत सांगू नको." मग मी बोललो ते खरं होतं म्हणून बोललो, तिला बरं वाटावं म्हणून नाही. "त्या दिवशी मी काउंटरवर ओरडत होतो. तिनं मला शर्ट धरून खाली बसवलं. बोलली, बरं झालं ना, सुया आज दोन तास उशिरा टोचतील. आणि हसली. तिला राग नव्हता आला. मला आलेला. अजून आहे थोडा. पण तिचे पाय सुजलेले हे पण खरं आहे. दोन्ही लक्षात ठेव आणि काम कर."

तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि दोन्ही पिशव्या खाली टाकून आली.

रविवारी दुपारी जेवून मी समोर गेलो. टेबलावर दोन चहा झाकून ठेवलेले. तिचा चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. पहिली ओळ लिहिली, हात खाली, "काका, ऐका."

त्या दिवशी मी मुद्दाम त्रास दिला असं तुम्हाला वाटेल. दिला नाही. पण जिथं शंका आली तिथं सोडलं पण नाही. नव्या लाईनचा पत्ता तिनं वाचला तेव्हा मी बोललो, "नाही कळलं. आपला पत्ता शुक्रवारी बदलतो. त्यांचा बदलला तर?"

"त्यांनी कायमचा पत्ता घेतलाय. तो बदलत नाही. मी लाईनच्या कंपनीकडून लिहून घेतलंय आणि सेंटरच्या माणसाला मशीनवरून वाचायला लावलंय. दोन्ही जुळले."

"मग हो."

"कोणालाही नाही" ह्या नियमाचा आकडा तिनं चारदा वाचला. मी चार वेळा हो बोललो. एंटर दाबताना तिनं डोळे मिटले. मी बोललो, "डोळे उघडून दाब, मला भीती वाटते." तेव्हा ती थोडी सैल झाली.

संध्याकाळ व्हायच्या आत सगळं लिहून झालं. जुनी भिंत गेली, नवी उभी राहिली. पण खरं कळणार होतं ते सोमवारी सकाळी, सेंटरची मुलगी तिथल्या कॉम्प्युटरवरून फाईल उघडेल तेव्हाच. रविवारी सेंटर बंद.

"सकाळी ती मला फोन करेल," ही बोलली.

"ती काउंटर सांभाळेल का तुला फोन करेल? मी जाऊन बसतो. नाही उघडलं तर पहिला फोन माझा. शिव्या पण माझ्याच."

"तुम्ही तिथे जाल?" तिनं विचारलं. बायको गेल्यापासून मी त्या रस्त्यानं गेलो नव्हतो, हे मी न सांगता तिनं ओळखलेलं.

"रिक्षा जाते ना," मी बोललो.

आता ती इथे नाही. पुढच्या वर्षी ऑफिसनं सगळ्यांना रोज ठाण्याला यायला सांगितलं. रोजचं जाणं-येणं तिच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. तिनं फ्लॅट भाड्यानं दिला आणि ठाण्याला खाडीच्या बाजूला राहायला गेली. समोर एक नवरा-बायको आलेत, दोघं कामाला जातात, दार दिवसभर बंद. ही कधीतरी फोन करते. मी विचारलं, तिथे कोणाला वाचून दाखवतेस. बोलली, "काचेच्या केबिनमध्ये बसून मोठ्यानं वाचते. बाहेर ऐकू जात नाही. लोकांना वाटतं घरच्यांशी भांडतेय." मी बोललो, मग 'नाही कळलं' कोण बोलतं? त्यावर ती माझ्या बीपीच्या गोळ्यांचं विचारायला लागली. कोणी नसणार तिथे.

सोमवारचं सांगायचं राहिलं.

सकाळी उजाडता उजाडता रिक्षानं कल्याणला गेलो. ज्या खड्ड्यांवर बायको माझा हात घट्ट धरायची, ते खड्डे तसेच होते. मेडिकल अजून उघडलं नव्हतं. जिना चढलो. बाकावर पहिल्या पाळीचे लोक येऊन बसलेले, मांडीवर पिशव्या, पिशवीत चादर आणि डबा. एक बाई पाय पुढे करून बसलेली. पाय बघितल्यावर मी दुसरीकडे बघायला लागलो.

काउंटरवर तीच मुलगी. तिनं मला ओळखलं.

"काका? आजींना मुलाकडे नेलं ना? कशा आहेत?"

"गेली."

तिचा हात कॉम्प्युटरवर होता तो तसाच राहिला. मी बोललो, "तू तुझं काम कर, बाळ. मी बसतो जरा."

तिनं कॉम्प्युटर चालू केला. काहीतरी टाईप केलं. स्क्रीनवर ते गोल गोल फिरायला लागलं. तिनं भुवया चढवल्या. परत टाईप केलं. परत गोल. पाय पुढे केलेल्या बाईनं विचारलं, "काय गं, सिस्टीम बंद का?" मी खिशातून फोन काढला. अंगठा शेजारणीच्या नंबरावर ठेवला. काय काय बोलायचं ते पण मनात जुळलं.

मुलगी स्वतःच्याच कपाळावर हात मारून बोलली, "पासवर्ड चुकला." तिसऱ्यांदा टाईप केलं आणि तिचा चेहरा स्क्रीनच्या उजेडात दिसला. तिनं पहिलं नाव पुकारलं, वजन विचारलं, किती पाणी काढायचं ते आत ओरडून सांगितलं. ती बाई उठली. मग दुसरं नाव. मग पुढचं. मावशीनं एकेकाला धरून काचेच्या दारातून आत नेलं. बाक रिकामा झाला. मी एकटा उरलो.

फोन लावला. पूर्ण एक रिंगसुद्धा झाली नाही.

"उघडलं," मी बोललो.

"किती जण बसलेत बाहेर?"

"कोणी नाही. आत गेले सगळे."

मग तिनं विचारलं, "मशिनी चालू झाल्या?"

"झाल्या असतील."

"कसा आवाज असतो हो त्यांचा?"

इतकी वर्षं ती त्या मशिनींच्या दारावर कोणाला घ्यायचं, कोणाला नाही ते लिहीत होती, आणि तिनं त्या कधी ऐकल्याच नव्हत्या. मी ऐकलेल्या, दर वेळेला चार-चार तास, पण तो आवाज तोंडानं सांगता येण्यासारखा नाही.

मी उठून काचेच्या दाराशी गेलो. मावशी चादरी घेऊन आत जात होती, तिला बोललो दार जरा तसंच ठेव. ती बोलली, "आत नाही यायचं, काका." मी बोललो, "मी नाही येत." आणि फोन धरलेला हात आत केला.

आत मशिनींची घरघर चालू होती. मधेच एखादी टुंग टुंग करायची, कोणीतरी जाऊन बटण दाबायचं, गप्प व्हायची. कोणी खोकलं. ती पाय सुजलेली बाई नर्सला बोलत होती, हळू टोच गं. मी दारात उभा राहिलो. हात भरून आला तेव्हा फोन दुसऱ्या हातात घेतला आणि परत आत धरला. तिकडून तिनं ठेवला नव्हता.